अकरावी फळी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ज्यांच्याकडून ऐकली ते तर केव्हाच गेले. लहानांनी पुढं सरकून बसावं. मोठी माणसं मागं बसली तरी चालेल, पण कान उघडे ठेवा, कारण गोष्ट तुमचीच जास्त आहे.

एका राज्यात एक राजा होता. मनाचा चांगला. वय झालं तसा त्याला घोर लागला, की आपल्यामागं ही प्रजा कशी वागेल? विचार करकरून त्यानं हुकूम काढला, की राज्यातल्या प्रत्येक शाळेत मुलांना रोज एक घटका धर्म शिकवावा. आता धर्म म्हणजे नेमकं काय आणि तो शिकवायचा कसा, हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं. मोठ्यांच्या हुकुमात असलं बारीकसारीक नसतंच.

हा हुकूम एका ओढ्याकाठच्या गावात पोचला आणि तिथल्या गुरुजींच्या हातात पडला. शाळा म्हणजे गावाबाहेरच्या चिंचेखाली कुडाच्या भिंतींची एक पडवी, आणि तीस मुलं. गुरुजी माणूस सरळ. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. मुलांवर जीव. दोष म्हणाल तर एकच, त्यांना शाबासकी फार आवडायची. द्यायलाही आणि घ्यायलाही.

त्यांची मुलगी मंजुळा, नऊ वर्षांची, त्याच शाळेत पहिल्या रांगेत बसायची. घरी बापाला 'तात्या' म्हणायचं आणि शाळेत 'गुरुजी', असा नियम होता, आणि तो तिनं एकदाही मोडला नव्हता. सांगितलेली गोष्ट पुरी केल्याशिवाय त्या पोरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

सुरुवातीला गुरुजींनी धर्माची घटका पाठांतरात घालवली. भुकेल्याला अन्न द्यावं, तहानलेल्याला पाणी द्यावं, पडलेल्याला हात द्यावा. मुलं डोलत डोलत म्हणायची आणि म्हणता म्हणता पेंगायची. पालथ्या घड्यावर पाणी. महिनाभरानं गुरुजींच्या ध्यानात आलं, की धर्म घशानं शिकायचा नसतो, हातानं शिकायचा असतो. विचार सोळा आणे खरा होता. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढं.

पाटलांच्या माळ्यावर एक जुनी पितळी घंटा धूळ खात पडली होती. गुरुजींनी ती मागून आणली, चिंचेनं घासून लख्ख केली आणि पडवीच्या आढ्याला टांगली. मग नियम सांगितला. ज्यानं आदल्या दिवशी कुणाचं दुःख हलकं केलं असेल, त्यानं सकाळी पुढं यायचं, घंटेवर एक टोल द्यायचा, आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगायचं. सगळ्या शाळेनं म्हणायचं, 'धन्य, धन्य.' घंटा वाजवणारे पुढं बसतील, न वाजवणारे मागं, भिंतीशी.

काय सांगू, पहिला महिना त्या गावाचा सोन्याचा गेला. कुणी आपली अर्धी भाकरी वाटसरूला दिली, कुणी म्हाताऱ्याचा भारा डोक्यावर घेतला, कुणी तापानं फणफणलेल्या शेजाऱ्याच्या गुरांना पाणी पाजलं. शेतावर निघालेली माणसं घंटा ऐकून वाटेत थांबायची आणि हसून पुढं जायची. राजाला ठाऊक नव्हता तो धर्म आपल्याला सापडला, असं गुरुजींना वाटू लागलं.

पण गाव केवढं? साठ उंबऱ्यांचं. त्यात म्हातारी माणसं आठ, आंधळं एक, लंगडं एक. आणि मुलं तीस! दुसऱ्या महिन्यात मुलं सकाळपासून कुणाला काही दुखतंय का, हे विचारत दारोदार हिंडू लागली. एके दिवशी ठमाबाई नावाची म्हातारी पाण्याची घागर घेऊन चालली होती. सात जण धावले. सातांनी एकच घागर धरली, ओढाओढीत ती दगडावर आपटली आणि फुटली. मुलं घाबरली. कुंभाराकडून नवी घागर आणून, भरून, त्यांनी ती ठमाबाईच्या दारात ठेवली. दुसऱ्या दिवशी सातही जणांनी सात टोल दिले आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

गुरुजी पोट धरून हसले आणि म्हणाले, "धन्य, धन्य."

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. मंजुळेनंही पाहिलं. त्या सकाळी घंटा वाजायला नको होती, हे तुम्हाआम्हाला इथं बसून कळतं. गुरुजींना कळलं नाही.

त्यानंतर गावात काय झालं कोण जाणे. रोज काहीतरी विघ्न. पाटलांची गाय दाव्यातून सुटायची आणि मुलं ती शोधून आणायची. ठमाबाईच्या वाटेवर काटे पडायचे आणि मुलं ते वेचायची. कुणाची पहार विहिरीत, कुणाचं धोतर झाडावर, कुणाचं करडू चुकलेलं. घंटा थांबेना. मंजुळेच्या आईनं एकदा विचारलंही, की अहो, आपल्या गावाला कुणाची दृष्ट लागली का, इतकी संकटं आधी कुठं होती? गुरुजींनी तिला समजावलं, की संकटं सगळीकडंच असतात, आपलं नशीब म्हणून ती दूर करणारे साठ हात आपल्याकडं आहेत. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच बोलणं आवडलं. त्यांनी ते पत्रात लिहून राजाकडं धाडलं.

आता त्या गावातल्या आंधळ्या माणसाबद्दल सांगतो. त्यांचं नाव लिंबाजीबाबा. जन्मापासून डोळ्यांनी अंधार, पण बोटांत अशी कला, की त्यांनी विणलेल्या सुपातून मोहरीचा दाणा गळायचा नाही. ओढ्यापलीकडं कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट होतं. रोज सकाळी बाबा एकटे साकवावरून पलीकडं जायचे, कळक तोडून खांद्यावर घेऊन यायचे आणि दिवसभर दारात बसून टोपल्या विणायचे. साकव म्हणजे दोन ओंडक्यांवर काथ्यानं बांधलेल्या एकवीस फळ्या. बाबा काठीनं प्रत्येक फळी चाचपायचे आणि तोंडानं मोजायचे. एकविसावी आली की हसायचे. आयुष्यात कुणापुढं हात पसरायचा नाही, हा त्यांचा एकच ताठा होता, आणि त्या ताठ्यावरच तो माणूस जगत होता.

मंजुळा त्यांची लाडकी. तिच्यासाठी त्यांनी मुठीएवढी दुरडी विणून दिली होती. शाळा सुटली की ती त्यांच्यापाशी बसून कामट्या सोलायची आणि ते तिला ओढ्याच्या गोष्टी सांगायचे. लहानपणी डोळे नसताना आपण पोहायला कसे शिकलो, तेही त्यांनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं.

एका दुपारी लिंबाजीबाबा काठी टेकत शाळेत आले. मुलं घरी गेली होती. आपली काठी हल्ली रोज हरवते आणि रोज मुलांनाच सापडते, असं ते म्हणाले. साकवावर तिघं तिघं हात धरतात, त्यानं मोजणी चुकते. दारात काटे असतात. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर आळ घेतला नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मला मदत नको, गुरुजी. पोरांना सांगा, मला नुसतं जाऊ द्या."

गुरुजींना हे लागलं. मुलं एवढ्या मायेनं करतात आणि म्हातारबुवांचा ताठा काही जात नाही! ते जरा घुश्शातच बोलले. "बाबा, देणाऱ्यानं वाकायचं तसं घेणाऱ्यानंही थोडं वाकावं. तुम्हीच नको म्हणालात, तर पोरांनी धर्म शिकायचा कुणावर?"

लिंबाजीबाबा पायरीशी आले. थोडा वेळ उभे राहिले, मग पायरी चाचपत खाली उतरले आणि आल्या वाटेनं निघून गेले.

पुढं आठ दिवसांत राजाचा सांगावा आला. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला महाराज स्वतः घंटा ऐकायला येणार होते. सोबत शाळेसाठी चांदीची घंटा आणणार होते. गावात एकच धांदल उडाली. पाटलांनी रस्ते झाडून घेतले, बायकांनी उंबरे सारवले. गुरुजींना तर रात्रीची झोप लागेना.

पौर्णिमेच्या आधी दोन दिवस ते जेवायला बसले होते. समोर मंजुळा. घास घेता घेता ते बायकोला म्हणाले, "राजापुढं घंटा वाजवायची, तर काटा काढला नि गाय शोधली असलं किरकोळ काय कामाचं? कुणाचा जीव वाचवला, असं काही सांगता आलं तर शाळेचं नाव होईल."

मंजुळेचा हात ताटातच थांबला. पोरीला ताक हवं असेल, असं समजून गुरुजींनी ताकाची वाटी तिच्याकडं सरकवली. ती ताक प्यायली.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. राजाच्या घोड्यांना वाहतं, ताजं पाणी मिळावं म्हणून पाटलांनी वरच्या अंगाचा बांध पहाटेच फोडला होता. गुडघाभर वाहणारा ओढा छातीला लागेल इतका भरला. ही गोष्ट पाटलांनी कुणाला सांगितली नाही, आणि कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

शाळेत मुलं स्वच्छ अंगरखे घालून बसली होती. पहिल्या रांगेतली मंजुळेची जागा तेवढी रिकामी. झेंडूची फुलं आणायला गेली असेल, असं गुरुजींनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात राजा आला. म्हातारा, थकलेला, पण डोळ्यांत कौतुक. तो बाजेवर टेकला. गुरुजी आता मुलांना खूण करणार, इतक्यात एक मेंढपाळ धापा टाकत आला. लिंबाजीबाबा साकवावरून ओढ्यात पडले होते, आणि त्यांच्यामागोमाग गुरुजींच्या मुलीनं पाण्यात उडी टाकली होती.

गुरुजींचं उपरणं कुठं पडलं, पायताण कुठं राहिलं, कशाचं भान नाही. ते धावले. मागं गाव धावलं.

काठावरच्या वाळूत दोघं पडली होती. लिंबाजीबाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. मंजुळा खोकत होती. तिची वेणी बाबांच्या मुठीत होती आणि ती मूठ काही केल्या सुटत नव्हती. पोर जिवंत आहे एवढं पाहून गुरुजी वाळूत मटकन बसले.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, की पोरीनं आंधळ्याचा जीव वाचवला. मग दुसरं म्हणालं, मग दहा जण म्हणाले. हे ऐकून गुरुजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सांगायला मला लाज वाटते, पण घडलं ते सांगायलाच हवं. बाजूला म्हातारा कण्हत होता, आणि गुरुजींना आठवलं ते ताटावरचं बोलणं. देवानं आपलं ऐकलं, असं त्यांना वाटलं.

बाबांना बाजेवर घालून शाळेत आणलं. वैद्यानं पायाला कामट्या बांधल्या. राजा स्वतः उठून उभा राहिला आणि ओल्याचिंब मंजुळेला म्हणाला, की बाळ, आजची घंटा तुझी.

मंजुळा पुढं झाली. अंगातून पाणी निथळत होतं, दात वाजत होते. तिनं दोरी धरली आणि एक टोल दिला. घंटा खणखणली. सगळी शाळा म्हणाली, "धन्य, धन्य." सगळं गाव म्हणालं. राजाही म्हणाला.

मग नियमाप्रमाणं तिनं काय घडलं ते जसंच्या तसं सांगायला सुरुवात केली.

"काल संध्याकाळी मी साकवाच्या अकराव्या फळीच्या गाठी सोडल्या. सकाळी बाबा त्या फळीवर आले आणि पडले. मी उडी मारली. पण पाणी गुडघाभर नव्हतं, खोल होतं. मी बुडायला लागले. बाबांनी माझी वेणी धरली आणि मला बाहेर काढलं." ती थांबली. कपाळाला आठी घालून तिनं बापाकडं पाहिलं. गणित अडलं की ती अशीच पाहायची. "मग घंटा कुणाची, गुरुजी?"

आपण ऐकलं ते खरं नाही, पोर बुडता बुडता वाचली, भ्रमिष्टासारखं बोलते आहे, असं गुरुजींनी स्वतःला सांगून पाहिलं. महत्प्रयासानं त्यांनी विचारलं, की फळी का सोडलीस?

"गावात कुणी पडतच नव्हतं," मंजुळा म्हणाली. "मग उचलायचं कुणाला?"

तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता, उद्धटपणा नव्हता. ती खरंच विचारत होती. बाबांवर तिचा जीव होता, म्हणून तर तिनं त्यांनाच निवडलं होतं. त्यांना पोहता येतं हे तिला ठाऊक होतं. पाणी गुडघाभर असेल, बाबा नुसते भिजतील, आपण त्यांना हात देऊन बाहेर आणू, असा तिचा सरळ हिशेब होता. तिनं तोही सांगितला.

आणि मग जे झालं ते त्याहून भयंकर. मागच्या रांगेतून केरू नावाचा मुलगा उठला. आज सगळ्यांनीच सगळं जसंच्या तसं सांगायचं आहे, असं त्याला वाटलं असावं. पाटलांची गाय आपणच सोडायचो, असं तो म्हणाला. लगेच सखू उठली. ठमाबाईच्या वाटेवर काटे ती टाकायची आणि तिचा भाऊ वेचायचा. दुसऱ्या दिवशी भाऊ टाकायचा आणि ती वेचायची. चौघं एकदम उठले आणि म्हणाले, की बाबांची काठी आम्ही पाळीपाळीनं लपवत होतो. विहिरीतली पहार, झाडावरचं धोतर, चुकलेलं करडू. एकेक जण उठत होता आणि पाढे म्हणावेत तसं खणखणीत आवाजात सांगत होता. कुणाची मान खाली नाही, कुणाचा आवाज कापत नाही.

ठमाबाई खालीच बसली. आयांनी पदर तोंडाला लावले. आपापल्या पोरांकडं त्या अशा पाहू लागल्या, जणू ती कुणा परक्याची आहेत. पाटलांनी आधी डोळे वटारले, मग मान खाली घातली.

गुरुजींनी त्या तीस तोंडांवरून नजर फिरवली. एखादं वाईट पोर शोधत होते ते. एक जरी सापडलं असतं, तरी त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. एकही सापडलं नाही. सगळी गुणी, सगळी आज्ञाधारक. जे शिकवलं ते शिकलेली.

त्याच क्षणी त्यांना ती दुपार आठवली. पायरीशी उभे राहिलेले लिंबाजीबाबा आठवले, आणि आपण त्यांना काय सुनावलं ते शब्दन् शब्द आठवलं. पोरांनी धर्म शिकायचा कुणावर! ते बाजेपाशी गेले आणि बाबांच्या मोडक्या पायाशी डोकं टेकून त्यांनी ती दुपार सगळ्या गावासमोर सांगितली. ताटावरचं बोलणंही सांगितलं. आपला गुन्हा आपल्याच तोंडानं सांगताना त्यांनी घंटा वाजवली नाही, एवढाच त्यात आणि रोजच्या सांगण्यात फरक.

राजानं बाबांना विचारलं, की या मुलांना काय शिक्षा द्यावी? बाबा वेदनेनं घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "पोरं वाईट नाहीत, महाराज. सांगितलेलं सगळं ऐकणारी आहेत. मला तर त्याचंच भय वाटतं."

गुरुजींनी राजापुढं हात जोडले. मला शाळेतून काढा, राज्यातून काढा, म्हणाले. राजाचंही तोंड उतरलं होतं, कारण चांदीची घंटा त्याच्याच माणसाच्या हातात होती आणि हुकूमही त्याचाच होता. अखेर तो म्हणाला, "निघून जाणं सोपं आहे, गुरुजी. तुमची शिक्षा ही, की उद्या सकाळी याच मुलांपुढं उभे राहा. मीही माझ्या लोकांपुढं उभा राहतो." चांदीची घंटा कापडात गुंडाळली गेली आणि राजा आला तसा परत गेला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मुलांपुढं उभे राहिले. त्यांनी तिवई घेतली, तिच्यावर चढले, घंटेच्या पोटातली पितळी जीभ काढली आणि खाली उतरले. "चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले. मंजुळा तेव्हा रडली. वाळूत रडली नव्हती, घंटेपाशी रडली नव्हती, तिथं रडली. ओकसाबोकशी रडली, कारण नियम सांगणाराच चुकू शकतो हे तिला पहिल्यांदा कळलं. तिचं पाहून केरू रडला, सखू रडली. गुरुजींनी कुणाला गप्प केलं नाही. मग ते सगळ्यांना घेऊन ओढ्यावर गेले आणि साकवाच्या एकवीस फळ्या नव्या काथ्यानं बांधून घेतल्या. त्या दिवशीची धर्माची घटका संध्याकाळपर्यंत चालली.

लिंबाजीबाबांचा पाय जुळला, पण वाकडाच जुळला. पाच महिने ते दाराबाहेर पडले नाहीत. रोज सकाळी त्यांच्या अंगणात सोललेल्या कळकाची मोळी पडलेली असायची. कोण आणतं, हे त्यांनी विचारलं नाही. शाळेतही कुणी कधी ते बोललं नाही.

सहाव्या महिन्यात बाबा काठी घेऊन लंगडत साकवावर आले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. गुरुजी मुलांना घेऊन काठावर उभे राहिले, चांगली वीस पावलं दूर. कुणी हात पुढं केला नाही. बाबा मोजत होते. आठ. नऊ. दहा. अकराव्या फळीशी ते थांबले. काठी एकदा आपटली, दोनदा आपटली, तीनदा आपटली. तीस मुलांनी आणि एका गुरुजींनी श्वास रोखून धरला. बाबांनी पाय टाकला. फळी हलली नाही. एकविसावी आली तेव्हा ते हसले की नाही, हे काठावरून दिसलं नाही. पण पलीकडं जाऊन ते कळकाच्या बेटात शिरले, एकटेच.

त्यानंतर गुरुजींनी एक सवय लावून घेतली. बाबा निघायच्या आधी, उजाडता उजाडता, साकवावर जायचं आणि गाठी तपासायच्या. पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी ते रोजच्यापेक्षा उशिरा पोचले. पाहतात तो काय, फळ्यांवर चिमुकल्या ओल्या पावलांचे ठसे. अकराव्या फळीपाशी ठसे दाट होते, तिथं कुणीतरी बराच वेळ बसलं होतं. फळीच्या गाठी नुकत्याच आवळलेल्या होत्या, बोटांनी ओढून ओढून. गुरुजींनी ती पावलं ओळखली. त्यांचे डोळे भरून आले.

ते घरी आले. मंजुळा चुलीपाशी पाय शेकत बसली होती. "तात्या, आज उशीर झाला तुम्हाला," ती म्हणाली. तात्यांनी हो म्हटलं. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही पुन्हा गेली, ती आधी आणि ते नंतर, आणि असं पुढं कितीतरी वर्षं चाललं.

ती बिनजिभेची घंटा शाळेत टांगलेलीच राहिली. वारा आला की ती मुक्यानं हलायची, आणि म्हातारपणापर्यंत गुरुजी तिच्याकडं पाहून दचकायचे.

म्हणून लहानथोरहो, एवढं गाठीला बांधा: शाबासकीसाठी केलेल्या पुण्याला आधी कुणाचं तरी दुःख लागतं, आणि खरा धर्म कुणी पडूच नये म्हणून गुपचूप गाठी आवळतो.